लॉगिनचं पान तुझ्याकडे आलंय, तर

नोकरीतलं पहिलंच काम लॉगिनचं आहे म्हणून ते किरकोळ समजू नकोस. लोकांची रोजची चिडचिड इथूनच सुरू होते. पासवर्डसाठीची ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ ही अट जुन्या कोडमधून तशीच उचलू नकोस. माणसं पहिलं अक्षर मोठं करतात आणि शेवटी १ नि उद्गारचिन्ह लावतात. पासवर्ड फोडणाऱ्यांना हे पाठ असतं. दर ९० दिवसांनी बदलायला लावलं, की १ चा २ होतो, बस्स.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच या दोन्ही सक्ती नकोत असं सांगितलं. किमान लांबी तेव्हा ८ अक्षरं होती, तू जास्त ठेवलीस तर उत्तमच. ६४ अक्षरांपर्यंत तरी चालू दे, आणि नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघ.

पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करणं मात्र कधीही बंद करू नकोस. मला याचा खरंच राग येतो, कारण पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरणाऱ्या सावध माणसालाच त्याची शिक्षा होते.

‘आपल्याकडे असंच चालतं’ असं वरिष्ठ म्हणाले, तर वाद घालू नकोस. एनआयएसटीचा ८००-६३बी हा दस्तऐवज उघडून त्यांच्यासमोर ठेव. ऑडिटचं कारण पुढे केलं, तर ती अट लेखी मागून घे.