ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या खासगी नोंदींना कुलूप कसं लावायचं?

तुम्ही विचारलंय, परभणीत आडत दुकानातला एकच कॉम्प्युटर तिघं वापरता, घरचा हिशोब स्टिकी नोट्समध्ये लिहिता, तर त्याला पासवर्ड कसा टाकायचा. स्टिकी नोट्सला पासवर्डची सोयच नाही हो. गूगल कीपमध्येही एकेका नोंदीला कुलूप लागत नाही. अकाउंट उघडं राहिलं की सगळंच उघडं.

आधी विंडोजमध्ये तिघांची तीन अकाउंट करा. दोघांना 'स्टँडर्ड'च ठेवा, कारण अ‍ॅडमिन (म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे अधिकार) असलेला माणूस तुमचं फोल्डर उघडू शकतो. चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, म्हणजे स्क्रीन लॉक होते. निम्मं काम इथंच झालं.

नोंदींसाठी डेस्कटॉपवरचं वननोट (मायक्रोसॉफ्टचं नोंदवहीचं अ‍ॅप) घ्या. त्यात सेक्शनला, म्हणजे वहीतल्या एका भागाला, पासवर्ड लागतो आणि आतला मजकूर खरोखर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नाही. पण तो पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टसुद्धा काढून देत नाही, म्हणून घरच्या डायरीत लिहून ठेवा. (मॉनिटरला चिठ्ठी चिकटवू नका, आमच्याकडं एकानं तेच केलं होतं!) फाइल नुसती 'हिडन' करणं म्हणजे दार लोटून घेणं, कडी न लावता.

कॉम्प्युटर मालकाचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यावर स्क्रीन किंवा टायपिंग टिपणारं सॉफ्टवेअर असलं, तर तुमचा पासवर्डही त्यात टिपला जातो. तिथं कुठलंच कुलूप कामाचं नाही. बँकेचं, दवाखान्याचं, घरातल्या भांडणाचं जे काही असेल ते स्वतःच्या मोबाईलवरच लिहा.