कोअरमध्ये दोन ओळी? अजिबात नको!

"ओमेका एसमध्ये आमच्या संग्रहापुरता थोडा बदल हवाय. पीएचपी येते. मॉड्यूल लिहायला सुरुवात कुठून करू? की सरळ कोअरमध्येच दोन ओळी टाकल्या तर चालेल?" असं तुम्ही विचारलंय. ओमेका एस म्हणजे वाचनालयं-संग्रहालयं आपले संग्रह वेबवर मांडायला वापरतात ते, पीएचपी भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर; कोअर म्हणजे त्याचा मूळ कोड आणि मॉड्यूल म्हणजे त्याला वरून जोडायचा भाग. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही चालणार. ओमेका एसचं अपग्रेड म्हणजे जुन्या फाइली काढायच्या आणि नव्या टाकायच्या. मॉड्यूल्स, थीम्स, अपलोड केलेल्या फाइली आणि कॉन्फिगमधल्या तुमच्या सेटिंगच्या फाइली तेवढ्या जपायच्या असतात. ॲप्लिकेशन फोल्डरमध्ये, म्हणजे कोअरमध्ये, तुम्ही काय लिहून ठेवलं होतं ते कुणी विचारत नाही. ते गेलं.

याच "दोन ओळीं"वरून माझं नागपुरात एकाशी कडाक्याचं भांडण झालेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकं आणि मासिकं ओमेका एसवर चढवायचं काम होतं. मॉड्यूलचं मी बघत होते, सर्व्हर एका स्थानिक कंपनीच्या माणसाकडे होता. जुन्या मराठी पुस्तकांत आतल्या पानावर इसवी सन असतोच असं नाही. "शके १८४५", कधी "माघ शके १८४४", एवढंच छापलेलं. वाचक मात्र इसवी सनानेच शोधतात. मी म्हटलं, यासाठी वेगळा डेटा टाइप (रकान्यात कसली माहिती भरायची तो प्रकार) करू, छोटं मॉड्यूल होईल. तर हा म्हणाला, "अवो ताई, कायले एवढा पसारा? शकेत ७८ मिळवले की झाला इसवी सन. कोअरमध्ये दोन ओळी टाकतो न मी."

७८ मिळवून होत नाही. शक सुरू होतो गुढीपाडव्याला. त्यामुळे पाडव्यापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. मी त्याला घरचंच उदाहरण दिलं. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ची, मकर संक्रांतीची. तेव्हा शके १८४४ चालू होता, १८४५ लागायला मार्च उजाडला. १८४४ अधिक ७८ म्हणजे १९२२. विदर्भातल्या एवढ्या मोठ्या संस्थेचं जन्मवर्षच ज्या हिशोबाने चुकतं, तो हिशोब वाचनालयाच्या यादीत घालायचा? आणि महिनाच छापलेला नसेल तर एक साल सांगताच येत नाही. शके १८४५ मार्च १९२३ ला सुरू होऊन एप्रिल १९२४ पर्यंत चालला, त्या वर्षी अधिक महिना होता.

त्याने ऐकलं नाही. कोअरमधल्या लिटरल, म्हणजे साध्या मजकुराच्या, डेटा टाइपच्या फाइलमध्ये आपल्या ओळी घातल्या आणि सगळी पुस्तकं इसवी सन ७८ ची दिसायला लागली. कारण साधं आहे: "१८४४" असं देवनागरीत लिहिलेलं पीएचपीला आकडा म्हणून कळत नाही, इंटमध्ये (पूर्णांकात) बदललं की शून्य येतं. देवनागरी अंक आधी बदलून घेतले असते तरी भागलं असतं. त्याऐवजी त्याने नोंदी करणाऱ्या मुलींना इंग्रजी आकडे टाइप करायला लावले. तेही पुरेना म्हणून डेटाबेसमध्ये व्हॅल्यू नावाच्या टेबलवर थेट क्वेरी चालवून सगळे शक इसवी सनात बदलून टाकले, बॅकअप न घेता. पुस्तकावर काय छापलंय हे डेटाबेसमधून पुसलं गेलं. पुढे अपग्रेड आलं आणि त्याच्या कोअरमधल्या ओळीही गेल्या.

निस्तरलं कुणी? त्याच मुलींनी. मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद करून. कूलरच्या वाऱ्याने ती ठिसूळ पानं उडतात, कोपरे तुटतात. एकेक पुस्तक फडताळातून पुन्हा काढून, आतलं पान उघडून त्यांनी शक परत टाइप केले. मला अजूनही त्याचा राग आहे.

आता तुमचं काम. लोकल मशीनवर कोरं ओमेका एस टाका आणि डॉट एचटीॲक्सेसमध्ये ॲप्लिकेशन एन्व्हायर्नमेंट डेव्हलपमेंट करा, नाहीतर एरर दिसणारच नाहीत. कोड लिहिण्याआधी दोन-चार आयटम भरून एपीआयमधून त्यांचं जेसन-एलडी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वाचता येणारं रूप, बघा. कुठली प्रॉपर्टी (नोंदीतला रकाना) कुठल्या शब्दसंग्रहातली, तिचा टाइप काय, व्हॅल्यू कुठे बसते, हे तिथे उघडं दिसतं. मॉड्यूलला सुरुवातीला दोनच फाइली लागतात: कॉन्फिग फोल्डरमध्ये मॉड्यूल डॉट आयएनआय आणि वर मॉड्यूल डॉट पीएचपी. फोल्डरचं नाव आणि नेमस्पेस एकच हवं, कॅपिटल-स्मॉलसकट. मॉड्यूलच्या एसआरसी फोल्डरमधल्या फाइलींचंही तेच. विंडोजवर खपून जातं आणि लिनक्स सर्व्हरवर "क्लास नॉट फाउंड" येतं. मग मॉड्यूल डॉट पीएचपीमधल्या अटॅच लिसनर्स या फंक्शनमध्ये एखादा इव्हेंट पकडून आयटमच्या पानाखाली एक ओळ छापून बघा. ती दिसली की निम्मी भीती जाते.

दुसऱ्याचा कोड वाचायला कस्टम व्होकॅब हे मॉड्यूल घ्या, आटोपशीर आहे. डेटा टाइप लिहिणार असाल तर फॉर्ममधल्या इनपुटवर डेटा-व्हॅल्यू-की हे ॲट्रिब्यूट लागतं. ते राहिलं तर रकाना दिसतो, टाइपही करता येतं, पण सेव्ह काहीच होत नाही. आणि तो टाइप रिसोर्स टेम्प्लेटमध्ये (नोंदीच्या फॉर्मच्या साच्यात) त्या प्रॉपर्टीला लावल्याशिवाय फॉर्ममध्ये येत नाही.

माझ्या मॉड्यूलमध्ये पुस्तकावर छापलेला मजकूर एका प्रॉपर्टीत अक्षरशः तसाच राहतो, देवनागरी अंकांसकट. इसवी सनाची मर्यादा, म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, दुसऱ्या प्रॉपर्टीत जाते, न्यूमरिक डेटा टाइप्स या तयार मॉड्यूलच्या इंटरव्हल प्रकारात. लिंक्ड डेटा (इतरांच्या माहितीशी जोडता येणारी माहिती) दुसऱ्यांनी वापरावा म्हणूनच तर आपण हे करतो. मग पुस्तक काय म्हणतं आणि आपण काय काढलं, हे त्यांना वेगवेगळं मिळायला नको? तुमच्या मॉड्यूलचा विषय काहीही असो, मूळ नोंदीवर काही लिहू नका. हिशोब बाजूला ठेवा.

काही गोष्टी राहिल्या. नुसती ठरावीक शब्दांची यादी हवी असेल तर मॉड्यूल लिहूच नका, कस्टम व्होकॅबमध्ये ती कोडशिवाय होते. ओमेका क्लासिक या वेगळ्या, जुन्या सॉफ्टवेअरचे प्लगइन इथे चालत नाहीत. जुन्या मॉड्यूलमध्ये झेंड (ओमेका एस आधी ज्यावर उभं होतं ते पीएचपी फ्रेमवर्क) दिसलं तर ते ओमेका एस ३.० च्या आधीचं समजा, आता तिथे लामिनास आहे. स्वतःचं टेबल लागणार असेल तर ते इन्स्टॉल फंक्शनमध्ये तयार करा, अनइन्स्टॉलमध्ये काढा, आणि पुढे त्यात बदल केलात तर आयएनआयमधला व्हर्जन नंबर वाढवा, त्याशिवाय तुमचं अपग्रेड फंक्शन चालणारच नाही.