पाकिटं छापू नकोस

पोरी,

बियांची पाकिटं छापू नकोस. बाकीचं सावकाश सांगतो, पण 'पुढच्या आठवड्यात छापखान्यात नक्की करून येते' असं तू लिहिलंस म्हणून आधी हेच.

तुझी बीज ग्रंथालयाची कल्पना मला मनापासून आवडली. वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत एक कपाट, त्यात हिरानक्खी, लुचई, चिन्नोर अशा धानाचं बी, धुऱ्यावरची तूर, जवस, लाखोळी, वाल, मिरची. ज्याला हवं त्याने न्यावं आणि पीक आलं की सवाईनं परत आणून द्यावं. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत यात नवीन काहीच नाही. पऱ्हे टाकायच्या वेळी बी कमी पडलं तर शेजाऱ्याकडून पायली उचलायची आणि मळणी झाली की सव्वा पायली पोचती करायची, हा व्यवहार आपल्या आज्या-पणज्यांनी तोंडी निभावला. तू तो कागदावर आणते आहेस. कागद आला, खोली आली, दारावर फलक आला की सरकार विचारणार, हे दुकान आहे काय? मी कृषी खात्यात बियाणे निरीक्षक म्हणून काम केलं आहे, तेव्हा तो प्रश्न मीही लोकांना विचारलेला आहे. त्याचं उत्तर तुझ्याकडे आधीपासून तयार पाहिजे.

पाकिटाचं कारण असं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 सालचा. त्याच्या कलम 39 मध्ये शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखून ठेवायला, पेरायला, पुन्हा पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. कंपनीने किंवा विद्यापीठाने नोंदवलेला, संरक्षण घेतलेला वाण असला तरी! दुसऱ्या देशांतले शेतकरी आपल्या या कलमाकडे हेव्याने बघत असतील. अट एकच: अशा वाणाचं 'ब्रँड' केलेलं बी विकायचं नाही. म्हणजे पिशवीत किंवा डब्यात भरून, हे अमुक संरक्षित वाणाचं बी आहे असं लेबल लावून विकायचं नाही. उघड्या पोत्यातून विकलं तर चालतं, छापील पाकिटातून विकलं तर चालत नाही. तुझ्या कपाटात उद्या कुणी विद्यापीठाच्या नोंदवलेल्या वाणाचं घरचं बी आणून ठेवणार, तू ते हौसेने नावासकट पाकिटात भरणार, आणि कुणी त्याचे दहा रुपये दिले की कायद्याने दिलेली मुभा तिथेच संपली. साध्या खाकी पुडीवर पिकवणाऱ्याचं नाव, गाव, मळणीचा महिना आणि 'विक्रीसाठी नाही' एवढं हाताने लिही. पुरे.

हे कलम नुसतं पुस्तकात नाही. 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर आपला नोंदवलेला वाण लावला म्हणून दावे ठोकले होते आणि कोटीच्या घरात भरपाई मागितली होती. देशभर ओरड झाली, लोकांनी हेच कलम पुढे केलं आणि कंपनीने दावे मागे घेतले. शिवाय वाण संरक्षित आहे हे माहीतच नसलेल्या शेतकऱ्याला कलम 42 सांभाळून घेतं.

मात्र हा हक्क शेतकऱ्याचा आहे. तुझ्या कपाटाला तो आपोआप मिळत नाही, आणि खरी गोम इथेच आहे.

जुना बियाणे अधिनियम 1966 सालचा. अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या वाणाचं बी विकण्याचा व्यवसाय करायचा तर उगवण आणि शुद्धता ठरलेल्या मर्यादेच्या खाली नको आणि पिशवीवर तसं लेबल हवं, असं त्याचं कलम 7 सांगतं. लोक त्यात 'विकणं' तेवढं वाचतात आणि म्हणतात, आम्ही कुठे पैसे घेतो? पण त्याच वाक्यात अदलाबदल आणि इतर कुठल्याही प्रकारे पुरवठा करणंही घातलेलं आहे. म्हणून 'आम्ही बियाच्या बदल्यात बीच घेतो' एवढ्या उत्तरावर विसंबू नकोस. आपले गावरान वाण बहुतेक करून अधिसूचित नसतात, हा एक दिलासा. दुसरा आणि मोठा दिलासा कलम 24 मध्ये आहे, ते तू पाठच कर. स्वतः पिकवलेलं बी, स्वतःच्या जागेवरून, थेट पेरणाऱ्याच्या हातात विकलं किंवा दिलं तर हा कायदा त्याला लागूच होत नाही. आता तुझं कपाट बघ. बी तू पिकवलेलं नाही आणि जागा पिकवणाऱ्याची नाही.

त्यावर 1983 चा बियाणे नियंत्रण आदेश आहे. बियाणं विकण्याचा धंदा करायचा तर परवाना घ्या, असं तो सांगतो, आणि तिथे वाण अधिसूचित आहे की नाही हे कुणी विचारत नाही. बियाणे अधिनियमात पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड आहे. त्याला आज कोण भिणार? पण नियंत्रण आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो आणि त्या कायद्यात तुरुंग आहे. कृषी केंद्रवाले कुणाला भितात ते यावरून कळेल. तुझ्या कपाटाला बघून उद्या कुणी तक्रार केली, तर ती बहुधा एखाद्या दुकानदाराचीच असेल. जून महिन्यात त्याचं गिऱ्हाईक तुटलं तर तो गप्प थोडाच बसणार!

म्हणून माझं म्हणणं असं की तुझ्या ग्रंथालयात बी कमी असू दे आणि नोंद जास्त. कपाटात प्रत्येक वाणाची मूठभर वानगी ठेव, लोकांनी पाहावी, हातात घ्यावी, दाताखाली चावून बघावी. पेरण्यापुरतं बी मात्र पिकवणाऱ्याच्या घरी, त्याच्याच कोठीत राहू दे. तुझ्या वहीत लिहिलेलं असेल की काळी तूर अमक्या काकूंकडे आहे, दोन पायल्या देता येतील. घेणारा त्यांच्या दारात जाईल आणि त्यांच्याकडूनच घेईल, पुढच्या वर्षी सवाईही त्यांनाच नेऊन देईल. काकूंनी दोन पैसे घेतले तरी त्या कलम 24 च्या आत आहेत. तू मध्ये पैसे घेऊ नकोस, सदस्य वर्गणी घेतलीस तर ती वहीसाठी आणि कपाटासाठी, किती बी नेलं त्यावर नाही. बचत गटाच्या बाया म्हणतील, आपण बी गोळा करून किलोवर विकू, गटाला चार पैसे सुटतील. विचार वाईट नाही, पण मग तो धंदा झाला. तो करायचाच तर कृषी विभागाकडून रीतसर परवाना काढून, वेगळ्या नावाने करा. दोन्ही एका खोलीत नको.

वार्षिक बीज मेळावा घेणार म्हणतेस, जरूर घे. प्रत्येक पिकवणाऱ्याला आपल्या बियांपाशी बसव. पैशाची पेटी कुठेच ठेवू नकोस.

काही गोष्टींना खोलीत जागाच देऊ नकोस. तणनाशकाला दाद न देणारं कपाशीचं बी, ज्याला सगळे एचटीबीटी म्हणतात, त्याला आपल्याकडे मंजुरी नाही. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला होता. तो लढा बरोबर की चूक यावर आपण बांधावर बसून भांडू, पण तुझ्या ग्रंथालयाच्या आडून तो नको. ते प्रकरण थेट पर्यावरण संरक्षण कायद्यात जातं. पश्चिम विदर्भातले पाहुणे प्रेमाने पिशवी आणून देतील, हात जोडून परत कर. संकरित वाणाचं राखलेलं बीही नको. त्यात गुन्हा नाही, पण दुसऱ्या पिढीत झाड एकसारखं येत नाही आणि नाव तुझं खराब होतं. दुकानाच्या पिशवीतलं रंगीत, औषध चोळलेलं उरलंसुरलं बी तर लहान पोरांच्या हाती लागेल अशा खोलीत मुळीच नको.

निरीक्षकापेक्षा तुला जास्त सांभाळायचं आहे ते शेजाऱ्यांना. बी उगवलं नाही तर कंपनीवर ग्राहक आयोगात जाता येतं, काकूंवर कोण जाणार? पण बोलणं बंद होतं, आणि गावात ते तुरुंगापेक्षा कमी नाही. म्हणून ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळायचे, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि किती फुटले ते आठवड्याने मोजायचे. प्रमाणित बियाण्याला किमान उगवण धानात 80 टक्के, तुरीत 75, हरभऱ्यात 85 आणि सोयाबीनमध्ये 70 लागते. तुझ्यावर या आकड्यांचं बंधन नाही, पण वहीत खरा आकडा लिही. साठ निघाले तर साठ लिही. घेणारा तेवढं बी जास्त टाकेल, त्याला कळतं. सोयाबीन हलक्या हाताने हाताळायला सांग. पोतं आपटलं तरी त्याची उगवण जाते.

आता नावाची गोष्ट, आणि ही मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंना 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडून, जपून, वाढवून जो वाण उभा केला तो आज एचएमटी म्हणून घरोघरी शिजतो. नाव पडलं ते घड्याळावरून. मागेल त्याला त्यांनी बी दिलं. सन्मान झाले, पण हलाखी सुटली नाही, आणि 2018 च्या जूनमध्ये ते गेले. तुझी वही अशा माणसासाठी आहे. कोणी निवडलं, कोणाकडून आलं, कधीपासून पेरतात, हे त्या-त्या म्हातारीच्या तोंडून लिहून घे.

ते लिहिलेलं मग दोन ठिकाणी गेलं पाहिजे. एक, लोक जैवविविधता नोंदवही. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, ही नोंदवही तिनेच ठेवायची. तुमच्याकडे ती बहुधा कागदावरच असेल, तिला जागी कर. गावातल्या पिकवणाऱ्यांना आपसात देवाणघेवाण करायला हा कायदा आडवा येत नाही. बाहेरची कंपनी किंवा संशोधक वानगी मागायला आला तर मात्र समितीला कळवल्याशिवाय दाणाही देऊ नकोस. परदेशी माणसाला किंवा संस्थेला तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. शंका आली तर राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपूरलाच आहे, तिथे विचार.

दुसरं, शेतकरी वाण म्हणून नोंदणी. 2001 च्या कायद्याखाली शेतकऱ्याला किंवा गावाला आपल्या वाणाची नोंदणी फी न भरता करता येते. हे सगळ्याच वाणांचं करत बसू नकोस, खरोखर वेगळा असेल त्याचंच कर, कारण वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासली जाते. आणि अर्ज एका माणसाच्या नावाने कधीच नको. नोंदणी झाली की त्या वाणाच्या बियाच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा हक्क नोंदवणाऱ्याकडे जातो. सगळ्या गावाने राखलेला वाण एका घराच्या नावावर चढला तर तुझं ग्रंथालय त्याच दिवशी मोडेल. अर्ज समूहाच्या नावाने करायचा, मागे ग्रामसभेचा ठराव हवा. दुसऱ्या कुणी आपला वाण नोंदवायला घेतल्याचं कळलं तर अर्ज जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत हरकत घेता येते. त्या वेळी तुझी वही हाच पुरावा.

1966 च्या जागी नवा बियाणे कायदा आणायची खटपट 2004 च्या विधेयकापासून सुरू आहे. नवा मसुदा कधीही आला की वर्तमानपत्रातल्या भांडणात न पडता आधी मूळ मसुदा मिळव आणि शेतकऱ्याची सूट कुठल्या शब्दांत ठेवली आहे, त्यात शेतकऱ्यांचा समूह धरला आहे की नाही, तेवढं पाहा.

1 मे ची ग्रामसभा ही पेरणीच्या आधीची शेवटची. ठरावात 'बीज ग्रंथालय विक्री करणार नाही, गावातल्या वाणांची नोंद ठेवील आणि पिकवणारे व पेरणारे यांची गाठ घालून देईल' हे वाक्य जसंच्या तसं येऊ दे. ग्रामसेवक ते गाळून 'बियाणे वाटप केंद्र' लिहायला बघेल, कारण त्याच्या साच्यात तेच बसतं. सही करण्याआधी इतिवृत्त वाच, आणि मसुदा त्याआधी मला पाठव.

तुझा,
काका