आठ लांब पाय, पण कोळी नव्हे

प्रश्न : युरोपातल्या डोंगरी रानात गोगलगायी खाणारा एक दुर्मीळ हार्वेस्टमन (कोळ्यासारखा दिसणारा आठ पायांचा प्राणी) असतो, असे वाचले. पावसाळ्यात आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांवर लांब पायांचे कोळी दिसतात. ते हेच का? (कणकुंबी)

उत्तर : नाही. तो इश्चिरोप्सालिस हेल्विगी. त्याच्या तोंडापुढचे चिमटे धडाहूनही लांब असतात, आणि त्यांनीच तो शंख फोडून आतले मांस ओढतो. ती जात युरोपातलीच. तुम्ही पाहता ते मात्र त्याच गणातले, म्हणजे हार्वेस्टमनच, असू शकतात. खात्रीसाठी भिंग घेऊन पाठ बघा. कोळ्याचे धड मध्ये बारीक होऊन दोन भागांत वाटलेले दिसते. हार्वेस्टमनचे सगळे एकसंध, मिऱ्याच्या दाण्यासारखे. पाठीवर पुढच्या बाजूला एक उंचवटा आणि त्याच्या दोन अंगांना एकेक डोळा. चालताना दुसऱ्या जोडीचे पाय, जे सर्वांत लांब असतात, ते आंधळ्याच्या काठीसारखे पुढे टेकवत जातो. घरात माळ्याच्या कोपऱ्यात जाळ्याला उलटा लोंबकळतो तो मात्र खरा कोळीच. हार्वेस्टमनला रेशीम काढताच येत नाही.

प्रश्न : मुले हातात धरतात. विषारी आहे का? (खानापूर)

उत्तर : नाही, त्याला विषग्रंथीच नसतात. धरल्यास उग्र वासाचा स्राव सोडतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत. पायाला धरून उचलू नका. पाय तुटून हातात राहतो आणि पुन्हा येत नाही.

प्रश्न : यांच्या काही जाती एकाच डोंगरापुरत्या कशा राहतात? आणि आम्ही फोटो काढले तर जात ओळखता येईल का? (जांबोटी)

उत्तर : कोळ्याची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याने लांब जातात. याला धागाही नाही, पंखही नाहीत; जायचे ते पायीच. त्यातून पाचोळ्यात राहणाऱ्या बारीक जातींना ओल लागते, उन्हाने तापलेला माळ त्या ओलांडू शकत नाहीत. दोन रानांमध्ये मोकळी जमीन आली, की दोन्हीकडची वस्ती कायमची वेगळी पडते. म्हणून जंगलाचा लहान तुकडा गेला तरी एखादी जात समूळ जाऊ शकते.

शोधायचे तर मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर. रात्री आठनंतर बॅटरीच्या उजेडात बुंधे पाहा. दिवसा दीड फूट बाय दीड फूट जागेतला पाचोळा आठ-दहा मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळा आणि पाच मिनिटे स्वस्थ बसा. हे प्राणी आधी निपचित पडतात, मग हलतात. घाईत कापड झटकले, की नेमके तेच निसटतात. उलटलेला दगड होता तसाच ठेवा.

फोटो तीन हवेत : वरून, बाजूने डोळ्यांच्या उंचवट्यासह, आणि समोरून. सोबत मिलिमीटरची पट्टी. समोरच्या फोटोत तोंडाजवळचे उपांग काटेरी व दणकट आहेत की सडपातळ, हे कळते; त्यावरून मोठा गट ठरतो. जात ठरवायला बहुतेकदा प्रौढ नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, त्यामुळे फोटोवरून ठाम नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. क्षणभर डबीत ठेवायचा झाल्यास ओलसर शेवाळ घाला. कोरड्या डबीत तो सुकून मरतो, पाण्याच्या थेंबात पाय चिकटून अडकतो. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये, मेलेलासुद्धा.

प्रश्न : काजूची बाग देवराईला लागून आहे. बिया दिसाव्यात म्हणून पाला झाडून जाळतो. त्याने या प्राण्यांचे नुकसान होते का? (खानापूर तालुका)

उत्तर : होते. जाळ राईत शिरला नाही तरी कडेचा पाचोळा तापून कोरडा होतो, आणि ओलीवर जगणारे प्राणी तिथेच संपतात. झाडणी काजूच्या सावलीपुरतीच ठेवा. गोळा झालेला पाला जाळण्याऐवजी आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर अंतर सोडून. खोडाला चिकटला तर वाळवी चढते. वणव्याच्या भीतीने पट्टा साफ करायचाच असेल, तर तो बागेच्या बाजूला करा, राईच्या आत नको. राईत पडलेला जुना ओंडका मात्र सरपणाला नेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये सगळे सुकते तेव्हा ओल टिकते ती त्याच्या पोटाखालीच.