रीसेल फ्लॅट घेताय? वकील तुमचा स्वतःचा हवा

प्रश्न: कोथरूडला रीसेल फ्लॅट बघितलाय, टोकन अजून दिलं नाही. एजंट म्हणतो आमचेच वकील सगळं करून देतील, आणि बँक पण कागद तपासतेच ना. मग वेगळा वकील कशाला?

उत्तर: लावाच, आणि टोकन द्यायच्या आधी लावा. एजंटला कमिशन मिळतं ते व्यवहार झाला तर, मग त्याचा वकील तुमच्यासाठी व्यवहार अडवून धरेल का? बँकेचा वकील बघतो ते बँकेचं कर्ज सेफ आहे का, तुमची काळजी करणं त्याचं कामच नाही.

रोज प्रॉपर्टीचीच कामं करणारा बघा आणि पहिल्याच भेटीत सरळ विचारा की सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) किती वर्षांचा घेणार (साधारण ३० वर्षांचा घेतात), रिपोर्ट लेखी आणि सहीनिशी देणार का, पेपरात जाहीर नोटीस फीमध्येच धरलीय की वेगळी. नुसता इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) बघून ओके म्हणणारा नको. आधीचे सगळे करारनामे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ मालक वारले असतील तर सगळ्या वारसांची माहिती मागणारा घ्या, कटकट्या वाटला तरी चालेल, वारसांचा घोळ पैसे दिल्यावर निस्तरणं फार त्रासाचं असतं हो.

रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर कागद करून देणारे सगळेच वकील नसतात, सनद विचारायला लाजू नका. आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, विकणारा एनआरआय असेल तर नियम वेगळा, तेही तुमच्या वकिलालाच विचारा.