मध्ययुगीन इस्लामी जगात मदरसा आणि सूफी पंथ एकमेकांचे वैरी होते का?

सरसकट नाही. सूफी म्हणजे मदरशाच्या भिंतीबाहेरचा फकीर, हे चित्र अकराव्या शतकातले इस्लामी धर्मपंडित अल-गझाली यांचं आयुष्य पाहिलं की टिकत नाही.

१०९१ मध्ये वजीर निजाम-उल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. तिथे मुख्य विषय शाफई पंथाचा (सुन्नी कायद्याच्या एका शाखेचा) फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा. खर्च वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दान केलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून चाले. अशा मानाच्या जागी असताना १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. शिकवायला बसले की शब्द फुटेना, घास गिळवेना. आत्मकथनात ते स्वतःच कबूल करतात, की आपलं शिकवणं ईश्वरासाठी नव्हतं, नावलौकिकासाठी होतं. पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे फिरले आणि सूफी साधनेत रमले.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची जास्त मोलाची वाटते: ते परत आले! ११०६ मध्ये निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. शेवटी तूस या जन्मगावी घराजवळ त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह, म्हणजे साधनेचा मठ, दोन्ही चालवलं. ११११ मध्ये तिथेच वारले.