व्यापारी संघाला वस्तीतल्या पोरांसाठी काही करायचं असेल तर

तुमच्या संघाने पोरं कोयता गँगच्या नादी लागू नयेत म्हणून दर महिन्याला मार्गदर्शन शिबिर घ्यावं का, असं विचारलंय. घेऊ नका. भोसरी एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे आणि अशी मुलं बरीच वर्षं हाताखाली घेतोय. शिबिराला येतात ती आधीच सरळ असलेली, बाकीची नाश्त्यापुरती.

'भाई' काय देतो ते आधी बघा. पैसे फार देत नाही. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावतो, कोयत्याने केक कापायला लावतो, त्याची रील फिरते. रात्री अकराला फोन उचलतो. पोलिसांनी नेलं तर वकिलासाठी धावपळ करतो. सोळा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? ही जागा तुमच्या सभासदाला घ्यायचीय. म्हणून एका सभासदाकडे एकच मुलगा, आठवड्यातली एक वेळ ठरलेली, निदान वर्षभर. ज्याला जमणार नाही त्याने वर्गणी द्यावी आणि बाजूला राहावं. अर्ध्यात सोडलेलं पोर जास्त बिथरतं.

अठराच्या आतल्याला मशीनजवळ उभं करू नका, त्याची शाळा किंवा आयटीआय सुटणार नाही एवढं बघा. अठरा झालेल्याला मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवतो, हातात व्हर्निअर, म्हणजे माप घ्यायचं साधन, देतो. ट्रेमधला एकच ओव्हरसाइज पीस शोधून सुपरवायझरपुढे ठेवतो तेव्हा त्याची ऐट बघण्यासारखी असते.

जुनी केस आहे म्हणून दार लावू नका. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 24 सांगतं की बालवयातल्या गुन्ह्यामुळे मूल अपात्र ठरत नाही. अपवाद फक्त सोळा पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्यांचा. त्याच कायद्याचं कलम 74 अशा मुलाची ओळख उघड करू देत नाही, तेव्हा 'सुधारलेला तरुण' म्हणून स्टेजवर सत्कार आणि पेपरात फोटो विसरा. आपल्या लोकांना हेच सगळ्यात जड जातं!

लॉस एंजेलिसच्या होमबॉय बेकरीत 1992 पासून एकमेकांवर उठलेल्या टोळ्यांतली माणसं एकत्र पाव भाजतात. माझी तेवढी छाती नाही. दोन चौकांतली पोरं मी वेगवेगळ्या शिफ्टला ठेवतो.

पगार खात्यातच द्या. रोख दिलात तर चौकात पोरापेक्षा आधी बातमी पोचते. खातं उघडायला त्याच्याबरोबर स्वतः बँकेत जा.